साठाचे बासष्ट

मी टेप बोलतोय. गाणी वाजवणारा नव्हे, तो कधीच भंगारात गेला. मी शिंप्याच्या गळ्यातला. साठ इंची, एका अंगाला इंच, दुसऱ्या अंगाला सेंटीमीटर, दोन्ही टोकांना पितळी पत्री. वडनेर भोलजीत हायवे सोडून आत वळलं की हरिओमच्या कापड दुकानाला खेटून गुलाम रसूल यांचं शिलाईचं दुकान आहे. दिवसा त्यांच्या गळ्यात आणि बाकीचा वेळ खिळ्यावर, अशी मी सव्वीस वर्षं काढली.

हे गाव माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. ग्रामपंचायतीच्या दप्तरात माणसाचं नाव असतं, माझ्याकडे त्याचं पोट असतं. आणि पोट खोटं बोलतं. साठी उलटलेला कोणताही पुरुष घ्या. मी कमरेभोवती फिरलो की तो श्वास आत ओढतो, छाती पुढं काढतो आणि छताकडं पाहतो, जणू वर कुणी त्याचा फोटो काढतंय. माप श्वास ओढून द्यायचं, जगायचं श्वास सोडून, आणि बटण लागलं नाही की म्हणायचं, शिंप्यानं कापड खाल्लं.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. पट्टीवर पिवळा रंग, वर काळे आकडे, आणि हुकूम सुटला : जा, तू साठ इंच. कुणी तपासलं नाही, मीही विचारलं नाही. तुमचंही तसंच होतं. जन्मल्याबरोबर कुणीतरी सांगतं तू अमुक, तू तमुक, आणि तुम्ही मरेपर्यंत तेवढेच असल्यासारखे वागता.

गुलाम रसूल शेगावला मशीनचा पट्टा आणायला गेले होते, तेव्हा स्टेशनसमोरच्या दुकानातून मलाही घेऊन आले. माणूस हाताचा साफ. सदरा असो, सलवार असो, त्यांनी बेतला की बसला. दुपारी नमाजाला जाताना आणि संध्याकाळी दुकान बंद करताना ते मला खिळ्याला टांगत, माझ्या खालच्या पत्रीच्या भोकात तारेचा आकडा घालत आणि त्या आकड्यात कैची अडकवत. कैची त्यांच्या अब्बांच्या वेळची, जडशीळ. टेबलावर ठेवली की येणारा-जाणारा तिनं कागद कापतो आणि धार बोथट करतो. भिंतीत खिळा एकच. दुसरा ठोकतो, ठोकतो म्हणता सव्वीस वर्षं गेली. मला मात्र तो मान वाटायचा. दुकानातली सगळ्यात मोलाची चीज माझ्या भरवशावर लटकत होती.

मग प्राची आली.

प्राची म्हणजे जानरावांची नात. खामगावला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिथले एक सर पिवळ्या पडलेल्या वहीतून मजकूर सांगायचे आणि पोरं लिहून घ्यायची. अल्पविरामसुद्धा सांगायचे. एके दिवशी त्यांनी सांगितलं, विश्व प्रसरण पावत आहे, पूर्णविराम. हिनं हात वर केला. "सर, सगळंच पसरतंय तर मोजपट्टीही पसरत असेल. मग पसरलं हे कळलं कसं?"

सर म्हणाले, "परीक्षेत येत नाही. बस."

ती बसली नाही. तास संपेपर्यंत उभी राहिली. तोंडी परीक्षेत तिला वीसपैकी सहा गुण पडले, शेरा 'वर्तन'. तिनं पुस्तकं बांधली आणि गावी आली. कुणी कारण विचारलं की सांगायची, "तिथं विचारलं तर गुण कापतात. मले कापायचंच असन तर मी कापड कापीन."

घरी जानराव होतेच. त्यांनी फर्मान काढलं, "दिवाळीपर्यंत मुदत देतो. हातात काही कसब आलं तर ठीक, नाई तर मलकापूरचे पाहुणे बोलावतो. बसून आमच्या डोक्यावर मिरे वाटू नको." स्वतः जानरावांना पंचाहत्तर वर्षांत कुणी कसली मुदत दिल्याचं मी ऐकलेलं नाही. त्यांचं कसब म्हणाल तर पारावर बसणं. ते मात्र त्यांना पक्कं आलेलं आहे.

प्राची दुकानात काज-बटण करू लागली, तुरपाई करू लागली. आठ महिन्यांत कॉलर शिकली, बाही शिकली. तोंड मात्र शिवलं नाही. मशीनवर बसल्या बसल्या मध्येच म्हणायची, "चाचा, मले त्या सरानं उत्तर नाई देलं ते नाई देलं. पण मले बी अजून सापडलं नाई." गुलाम रसूल सुईत दोरा ओवत म्हणायचे, "सापडन बेटा. गुंडी हरवली की घरातच असते."

गुलाम रसूल यांच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला होता, उजव्याचा बाकी होता. खडूची रेघ त्यांना दोन दिसायची. म्हणून भादव्यात काम आलं तेव्हा ते म्हणाले, "मापं मी घेतो, लोकायले माझ्या हाताची सवय आहे. काप तू. जमलं तर कैची तुझी."

शिलाईच्या धंद्यात कैची देणं म्हणजे गादी देणं. प्राची त्या दिवशी दोनदा जेवायचं विसरली. तिला पक्कं ठाऊक होतं : इकडं कैची, नाही तर तिकडं मलकापूर.

काम होतं एकवीस जाकिटांचं, ज्येष्ठ नागरिक मंडळासाठी. मंडळाला पाच वर्षं होत होती. पाच वर्षांत मंडळानं काय केलं असं विचाराल तर मंडळानं पाच वर्षं पूर्ण केली. अध्यक्ष उकंडराव गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक. उद्घाटन असो, दहावा असो, माइक दिसला की गुरुजी उभे. वर्धापनदिनाला त्यांचं व्याख्यान ठरलं होतं : 'विश्व – आरंभ, मध्य आणि सीमा'. तयारी म्हणून त्यांनी एका कॅलेंडरची मागची बाजू वाचली होती.

माप देतानाही त्यांची तालीम चालू होती. मी त्यांच्या पोटावर, श्वास आत, मान वर, आणि त्या अवस्थेत गुरुजी बोलत होते. "सुरुवातीला एक गोळा. तो फुटला, सुतळी बॉम्बसारखा. जिथं फुटला ते विश्वाचं केंद्र. तुकडे चहूकडे उडाले, अजून उडताहेत. कडेला सीमा. सीमेपलीकडे पोकळी."

"बेचाळीस," गुलाम रसूल म्हणाले. प्राचीनं वहीत बेचाळीस लिहिलं आणि मान वर न करता विचारलं, "गुरुजी, ती पोकळी विश्वात नाई येत का?"

"नाही. ती बाहेर."

"मग विश्व म्हणजे सगळं नाई. विश्व म्हणजे तुमचं आवार झालं, तारेचं कुंपण घातलेलं."

गुरुजींचा श्वास सुटला. पोट माझ्यावर आदळलं. "रसूलभाई, ही पोट्टी काज-बटणच करते ना?"

"हाव जी," गुलाम रसूल हसून म्हणाले, "सध्या तेच."

एकवीस मापं झाली. मी गुलाम रसूल यांच्या गळ्यात, मग कापायला टेप कोणता? प्राचीनं हरिओमकडून एक नवाकोरा टेप आणला. पांढरा, गुळगुळीत, कसलाही अनुभव नसलेला. मी त्याच्याकडं मंडळाच्या म्हाताऱ्यांसारखंच पाहिलं. म्हटलं, शिकेल हळूहळू.

तिनं वहीतले आकडे नव्या टेपानं कापडावर मांडले, खडूची रेघ ओढली, प्रत्येक शिवणीत दीड-दीड इंच माया, म्हणजे आत दुमडायचं जादा कापड, सोडली आणि कैची चालवली. गुलाम रसूल यांनी कापडावरून हात फिरवला. म्हणाले, "धार सरळ आहे." त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होतो.

कार्यक्रमाच्या चार दिवस आधी मंडळ जाकिटं घालून पाहायला आलं. पहिले जानराव. बटण लागेना. दुसऱ्याचं लागेना, तिसऱ्याचं एक लागलं, दोन राहिली. गुरुजींचं जाकीट तर दोन्ही बाजूंनी असं उघडं राहिलं की मधे पोट पंचायतीच्या पाहुण्यासारखं ऐटीत बसलेलं. एकवीस म्हातारे, एकवीस जाकिटं, एकही बंद होत नव्हतं. सगळे श्वास ओढून उभे, कोणाचा चेहरा लाल, कोणाचा जांभळा.

"कापलं कोणं?" जानराव म्हणाले. कापलं कोणं हे त्यांना ठाऊक होतं.

"मी कापलं, आबा. वहीत जे आहे तेच कापलं."

"मग वही खोटी की आमची पोटं खोटी?"

"पोटं तर खोटी आहेतच. पण दीड इंचानं सगळी सारखी खोटी कशी, हे मले समजून नाई राह्यलं."

गुरुजी बाकावर बसले. उघड्या जाकिटासकट. "शिक्षण अर्धवट सोडणाऱ्याचा हात कशातच बसत नाही. रसूलभाई, तुमच्या नावावर आम्ही काम दिलं होतं. या पोरीच्या नावावर नाही. हिला मोकळी करा, जाकिटं तुम्ही दुरुस्त करा."

मी तेव्हा गुलाम रसूल यांच्या मानेवर होतो. मानेची शीर माझ्याखाली उडत होती. मापं त्यांनी घेतली होती, माझ्यानं घेतली होती. एक शब्द पुरला असता. ते म्हणाले, "पोरगी नवी आहे जी. होते गलती."

प्राचीनं त्यांच्याकडं पाहिलं. मग मापांची वही मिटून टेबलावर ठेवली. 

"ठरलं मग," जानराव उठत म्हणाले. "परवा सकाळी येतो. तोवर हिचा हिशोब आटपा, रसूलभाई. मी मलकापूरले फोन करतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी गुलाम रसूल नमाजाला गेले. मला खिळ्याला टांगलं, कैची माझ्या टोकाला अडकवली, नेहमीसारखी. प्राची आवराआवर करत होती. ती कैची काढून टेबलावर ठेवायला आली आणि मलाही ओढून बाजूला टाकलं. मी नव्या टेपावर जाऊन पडलो. पत्रीला पत्री लागली. तिनं दोघांना सारखं केलं, गुंडाळून ठेवावं म्हणून, आणि तिचा हात थांबला.

नव्याचा साठचा आकडा माझ्या अठ्ठावन्नावर संपत होता. पुढं मी दोन इंच उरत होतो.

मला सांगता येणार नाही मला काय वाटलं. सव्वीस वर्षं मी साठ होतो. मला कधी मी वाढल्यासारखं वाटलं नाही. वाटणार कसं? माझ्याजवळ मोजायला मीच होतो. माझा इंच वाढला तर मी त्या वाढलेल्या इंचालाच इंच म्हणणार. स्वतःनं स्वतःला मोजलं की माप कधी चुकत नाही. मंडळाची वार्षिक सभा अशीच तर चालते.

प्राची खाली बसली. बोट माझ्यावरून सरकवत गेली. माझा पंधराचा आकडा अर्धा इंच सरकला होता. तिसाचा एक इंच. साठाचा दोन. "जितकं लांब तितकं जास्त," ती पुटपुटली. मग तिनं माझा तिसाचा आकडा चिमटीत धरला आणि दोन्हीकडं पाहिलं. तिसावरून पाहिलं तर पंधराही लांब गेलेला, पंचेचाळीसही लांब गेलेला. पंधरावर बोट ठेवलं तर बाकी सगळे तिथून लांब गेलेले. ज्या आकड्यावर बसावं त्याला वाटावं, मीच मध्यभागी आणि सारे माझ्यापासून पळताहेत. मध्यभागी कुणीच नव्हतं. कुठं काही फुटलं नव्हतं. सगळीकडं थोडं थोडं ताणलं होतं, एवढंच.

ती हसू लागली. नोकरी गेलेली, उद्या मलकापूरचा फोन, आणि ही शिलाईच्या चिंध्यांत बसून हसत होती. "अबे," ती मला म्हणाली, मला, सव्वीस वर्षांच्या टेपाला, "तू सापडला नं बे."

गुलाम रसूल आले तेव्हा तिनं दोन्ही टेप त्यांच्यापुढं धरले.

"चाचा, तुमीच मोजत होते अन् तुमीच कापत होते. दोन्ही यानंच. मोजताना हा जेवढा खोटा, कापताना बी तेवढाच खोटा. हिशोब मिटून जाये. म्हणून इतके वर्ष कोणाले कळलं नाई. या खेपेले मोजलं जुन्यानं अन् कापलं नव्यानं. म्हणून उघडं पडलं."

गुलाम रसूल यांनी दोन्ही टेपांच्या टोकांवरून बोट फिरवलं. त्यांना पटलं होतं. पटलेल्या माणसाचा हात लगेच जड होतो. मग त्यांनी मला उचलून परत गळ्यात घातलं.

"बेटा, हे लोकायले नको सांगू. गाव म्हणन, रसूल इतके साल खोट्या टेपावर धंदा करून राह्यला. माझं नाव जाईन."

"अन् माझं?"

"तुझं अजून कुठं झालं आहे?"

हे वाक्य म्हाताऱ्यांचं आहे. धर्म कोणताही असो, गाव कोणतंही असो, पिढ्यानपिढ्या तेच वाक्य चालत आलेलं आहे. त्यांचं नाव असतं, ते जपायचं असतं. तुमचं अजून झालेलंच नसतं, म्हणून ते मोडलं तरी चालतं.

प्राची म्हणाली, "उद्या मी सांगणार. तुमच्यासमोर. तुमी हाव म्हणा, नाई म्हणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ठरल्याप्रमाणे जानराव आले, गुरुजी आले, मागं मंडळाचे सात-आठ जण. काम कुणालाच नव्हतं, तमाशा होता. प्राचीनं गुलाम रसूल यांच्या गळ्यातून मला काढलं. त्यांनी काढू दिलं, एवढंच म्हणता येईल. टेबलावर मला आणि नव्याला शेजारी मांडलं आणि सगळं सांगितलं.

गुरुजी वाकले, चष्मा वर केला, खाली केला. "म्हणजे नवा टेप आकसला. आजकालचा माल. जुनं ते सोनं."

"हाव," मंडळ म्हणालं.

आता इथं एक गोष्ट कबूल करतो. गुरुजी चुकीचे होते, पण प्रश्न चुकीचा नव्हता. दोन टेप वेगळे आहेत एवढंच दिसत होतं. ताणला कोण, आकसला कोण, हे आम्हा दोघांकडं पाहून ठरणार नव्हतं.

प्राचीनं भिंतीपलीकडं हाक मारली. "हरिओमदादा, तुमची लोखंडी पट्टी आणा जरा."

हरिओम कापड मोजायची पट्टी घेऊन आला. एक मीटर, लोखंडी, टोकावर वजनमापेवाल्यांचा ठसा. कुणी ओढून ताणत नाही, कुणी दाबून आकसत नाही. ती नव्या टेपाच्या सेंटीमीटरच्या अंगावर ठेवली, बरोबर शंभरावर संपली. माझ्यावर ठेवली, ती सत्त्याण्णवालाही पोचली नाही.

 मग प्राची बोलू लागली आणि ते जाकिटांबद्दल नव्हतं.

"मी कॉलेजात विचारलं होतं, सगळंच पसरते तर कळते कसं. आता सांगते. सगळं नाई पसरत. पट्टी नाई पसरत, तुमी नाई, पृथ्वी नाई, सूर्यमाला नाई. जे एकमेकायले घट्ट धरून आहे ते तेवढंच राहते. पसरते ते दूरदूरच्या दीर्घिकांच्या मधलं अंतर. त्यायचा उजेड आपल्याकडं यायले निघाला तेव्हा त्याची लाट एका मापाची होती. वाटेत जागा ताणत गेली, लाट बी ताणत गेली, या जुन्या टेपासारखी. तांबडी झाली. पण तिथला अणू अन् इथला अणू सारखा, तो म्हणजे ही लोखंडी पट्टी. पट्टीशी लाट ताडून पाहायची. किती ताणली, तितकं विश्व पसरलं."

"अन् माझं पोट?" मागून कुणीतरी विचारलं.

"ते भज्यानं."

हरिओम हसला. जानराव हसले नाहीत, पण ऐकत होते. म्हणाले, "पसरते तर कशात पसरते? जागा तं लागन न?"

"इथं हा टेप लंगडा पडते, आबा. हा वाढला तर खाली लोंबायले याले जागा लागली. याले दोन टोकं बी आहेत. विश्वाचं टोक अजून कोणाले सापडलं नाई. समजा टेप दोन्हीकडून न संपणारा आहे. प्रत्येक दोन आकड्यातलं अंतर दुप्पट केलं. टेप मोठा झाला का? तो अगोदर बी न संपणारा, आता बी न संपणारा. तरी ताणला तं गेला. बाहेर जागा लागत नाई."

जानरावांनी तोंडातली सुपारी या गालातून त्या गालात नेली. मला वाटतं, पंचाहत्तर वर्षांत त्यांनी पहिल्यांदा काहीतरी चावलं.

गुरुजींना हे सोसवेना. दोन दिवसांनी माइक त्यांचा होता. त्यांनी आवाज वर्गातला काढला. "फार झालं. एवढी शहाणी आहेस तर एका शब्दात सांग. विश्व अनंत आहे की नाही?"

"माहीत नाई."

मंडळ हसलं. मनापासून, पोटापासून हसलं, आता श्वास ओढून धरायचं कारण नव्हतं.

"मले नाई माहीत म्हणजे कोणालेच नाई माहीत," प्राची म्हणाली. "सुमारे पावणेचौदा अब्ज वर्षं झाली. तेवढ्या वेळात जिथला उजेड आपल्यापर्यंत पोचला, तेवढंच दिसते. ती आपल्या नजरेची कड आहे, विश्वाची नाई. त्याच्यापलीकडं असंच पुढं आहे, पण किती, न संपणारं का फिरून स्वतःलेच येऊन मिळणारं, ते मोजून राह्यले. अजून ठरलं नाई."

"माहीत नाही म्हणते आणि कैची मागते," गुरुजी उठले. "चला जानराव."

मी सव्वीस वर्षं या गावाच्या गळ्यात, छातीवर, कमरेवर फिरलो. साठीच्या पुढच्या माणसाच्या तोंडून 'माहीत नाही' हे दोन शब्द मी कधी ऐकले नाहीत. पाऊस कधी येईल, पोरगं का बिघडलं, देव कुठं राहतो, विश्व कुठं संपतं, सगळं माहीत. फक्त आपल्या कमरेचं माप माहीत नाही.

माणसं पायऱ्या उतरत होती. प्राची पिशवी भरत होती. गुलाम रसूल यांनी सवयीनं मला टेबलावरून उचललं, खिळ्याला टांगलं. सवयीनं तारेचा आकडा माझ्या पत्रीच्या भोकात घातला. सवयीनं कैची उचलली, आकड्याशी आणली.

आणि हात तिथंच थांबला.

एक नजर कैचीवर, एक माझ्यावर. त्यांनी कैची आकड्यावर अलगद टेकवली. मी खाली ओढला गेलो, केसभर. उचलली. मी केसभर वर आलो. पुन्हा टेकवली, पुन्हा उचलली. एका डोळ्यानं का होईना, त्यांना दिसलं. सव्वीस वर्षं, दिवसातून दोनदा.

"गुरुजी," त्यांनी हाक मारली. आवाज फार मोठा नव्हता, पण पायऱ्यांवरचे सगळे वळले. "टेप मीच ताणला. ही कैची याले रोज टांगत होतो. मापं बी मीच घेतली याच टेपानं. पोरीची रेघ सरळ होती. गलती माझी आहे, अन् परवा मी तुमच्यासमोर चूप राह्यलो, ती त्याच्याहून मोठी."

दोन दिवस उशीर झाला होता. तरी म्हाताऱ्याच्या मानानं लवकरच म्हणायचं.

त्यांनी कैची मूठ पुढं करून प्राचीकडं धरली. तिनं लगेच घेतली नाही. "चाचा, अगोदर दुसरा खिळा ठोका," ती म्हणाली.

खिळा त्याच सकाळी ठोकला गेला. सव्वीस वर्षांचं काम, चार घाव.

जानराव पायरीवर उभे होते. मलकापूरचं काय, हे तिनं विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. ते आत आले, जाकिटाची शिवण चाचपली आणि म्हणाले, "याच्यात कापड शिल्लक आहे का आत?"

"दीड दीड इंच माया सोडली आहे. एकवीसच्या एकवीस उसवून सैल होतात." मग तिनं नवा टेप हातात घेतला. "हात वर करा, आबा. अन् श्वास सोडा."

जानरावांनी श्वास सोडला. पंचेचाळीस भरले. ही या गावातली पहिली खरी मोजणी.

कार्यक्रम झाला. गुरुजींचं जाकीट बंद झालं. दुकानातून माइक ऐकू येत होता. त्यांनी सांगितलं, विश्वाला केंद्र नाही, हे आपल्या प्रदीर्घ चिंतनातून आपल्याला उमगलं. आणि एक जुना टेप घेतला तर हे सहज समजतं. टाळ्या पडल्या. प्राचीचं नाव आलं नाही. विश्व अनंत आहे का, या प्रश्नावर गुरुजी म्हणाले, वेळेअभावी तो विषय पुढच्या वर्षी.

प्राची काज करत होती. मान वर न करता म्हणाली, "यायले 'माहीत नाई' म्हणायले अजून किती अब्ज वर्षं लागतात, पाहू."

आता मी निवृत्त आहे. माझ्यानं कुणी कुणाला मोजत नाही. मी माझ्या खिळ्यावर, कैची तिच्या खिळ्यावर, शेजारी नवा टेप. गुलाम रसूल आता काज-बटण करतात, कैची प्राची चालवते. दिवाळी येऊन गेली, मलकापूरहून कुणी आलं नाही. महिन्या-दोन महिन्यांनी ती हरिओमची पट्टी आणून मला मोजते. बासष्ट. पुन्हा बासष्ट. ओझं उतरलं, तसा मी वाढायचा थांबलो. पण परत साठ मात्र झालो नाही.

विश्वाचं तसं नाही. ती सांगते, ते ताणायचं थांबलेलं नाही, उलट ताण वाढत चाललाय. त्याच्या टोकाला कोणती कैची लटकवलीय, ते कुणालाच माहीत नाही.

तुम्हाला हात जोडून एकच विनंती. उद्या कुणाला मोजायला निघालात, नातीला, सुनेला, शाळा सोडलेल्या पोराला, तर आधी भिंतीपलीकडं हाक मारा, एक लोखंडी पट्टी मागून आणा, आणि स्वतःला तिच्याशेजारी आडवं ठेवा. फार वेळ लागत नाही. श्वास तेवढा सोडा.